शहराचा उन्हाळा रात्री जास्त छळतो

रात्री अकराच्या सुमारास एक करून बघा. घराच्या पश्चिमेकडच्या भिंतीला आतून तळहात टेकवा. ऊन जाऊन चार तास झालेले असतात, बाहेर थोडं वारंही सुटलेलं असतं, आणि तरी भिंत हाताला चांगली गरम लागते. शेवटच्या मजल्यावर राहत असाल तर स्टुलावर चढून छताला हात लावा, तिथे ती ऊब आणखी स्पष्ट कळेल. दुपारी बाहेरच्या बाजूने सिमेंटमध्ये शिरलेलं ऊन आता, नेमकं अंथरूण घालायच्या वेळी, खोलीत उतरत असतं.

उन्हाळा नेहमीपेक्षा कडक निघाला की आपलं सगळं लक्ष दुपारकडे जातं. बारा ते चार बाहेर पडू नका, डोकं झाका, पाणी प्या. हे सगळं बरोबर आहे आणि पाळायलाच हवं. पण शहरात राहणाऱ्याचं त्याने अर्धंच काम होतं. इमारत असो की माणसाचं शरीर, दिवसभर साठलेली उष्णता बाहेर टाकायला रात्रीचे काही तास मिळाले तर पुढचा दिवस निभावतो. ते तास मिळाले नाहीत की उष्णता आदल्या दिवशीच्या शिलकीवर चढत जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोलमडतो. म्हणून उकाड्याची तयारी रात्रीपासून मागे मोजत करावी, असं मला मनापासून वाटतं. ते का आणि कसं, ते सांगतो.

शहर थंड का होत नाही

लंडनचे ल्यूक हॉवर्ड पेशाने औषधनिर्माते होते. ढगांच्या प्रकारांना आजही वापरात असलेली शास्त्रीय नावं देणारे ते हेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी शहरातलं आणि शहराबाहेरचं तापमान वर्षानुवर्षं टिपून ठेवलं. दिवसा दोन्हीकडे पारा जवळजवळ सारखाच, शहरात उलट किंचित कमी. रात्री मात्र शहर बाहेरच्यापेक्षा सुमारे २ अंश सेल्सिअसने गरम. डांबरी रस्ते, मोटारी, एसी यांतलं काहीही नव्हतं तेव्हाची ही गोष्ट आहे. म्हणजे शहराचा उकाडा मुळातच रात्रीचा आहे, हे दोनशे वर्षांपूर्वीच नोंदलं गेलं होतं.

कारणं समजायला सोपी आहेत. वीट, दगड, काँक्रीट, डांबर हे पदार्थ उष्णता पोटात साठवतात आणि हळूहळू सोडतात. मातीत ओल असते, झाडं पानांतून पाणी बाहेर टाकतात, आणि त्या पाण्याची वाफ होताना आजूबाजूची उष्णता खर्ची पडते. शहराने माती झाकून टाकली आणि पाणी गटारात सोडून दिलं, त्यामुळे उन्हाला खर्च व्हायला जागाच उरली नाही. ते सगळं भिंतींत आणि रस्त्यांत जमा होतं.

तिसरं कारण सहसा सांगितलं जात नाही. मोकळ्या माळावर सूर्य बुडाला की जमीन आपली उष्णता सरळ आकाशाकडे सोडते आणि झपाट्याने गार होते. तुमच्या गल्लीत उभं राहून मान वर करा. आकाशाची किती रुंद पट्टी दिसते? ती जेवढी अरुंद, तेवढी उष्णता वर निसटायला वाट कमी. एका इमारतीच्या भिंतीने सोडलेली उष्णता समोरच्या इमारतीची भिंत झेलते आणि परत पाठवते. पहाट होईपर्यंत हे चालतं.

त्यात एसीची भर. एसी थंडावा तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि त्यासाठी जी वीज जळते तिचीही उष्णता वर मिसळतो. अमेरिकेतल्या फीनिक्स शहरावर ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने केलेल्या अभ्यासात, एसींच्या या गरम हवेमुळे काही भागांत रात्रीचं तापमान १ अंशापेक्षा जास्त वाढतं असं दिसलं. ज्याच्याकडे एसी नाही, त्याच्या खिडकीशी येते ती ही हवा.

हवामान खात्याचा आकडा वाचतानाही एक लक्षात ठेवायचं. तो आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. पेटीत वारा खेळतो पण ऊन शिरत नाही, खाली बहुधा गवत असतं. हवेचं तापमान मोजायची ती योग्यच पद्धत आहे. पण डांबरावर उन्हात उभ्या माणसाच्या वाट्याला येतं ते वेगळंच असतं: वरून ऊन, खालून तापलेला रस्ता, बाजूने भिंतीची झळ. बातमीत ४१ ऐकून आपल्या अंगाला जास्त वाटलं, तर तो भ्रम नसतो.

शरीराचा हिशेब

स्वस्थ बसलेल्या माणसाचं शरीरही साधारण १०० वॅट उष्णता सतत तयार करत असतं, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बइतकी. चालायला, ओझं उचलायला लागलं की ती तीन-चार पट होते. एवढी उष्णता बाहेर गेली तरच आतलं तापमान ३७ अंशांच्या आसपास राहतं. हवा त्वचेपेक्षा थंड असेल तोवर ती आपोआप निघून जाते. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याच्या वर गेली की उलटा प्रवाह सुरू होतो, हवाच आपल्याला तापवायला लागते. तेव्हा शरीराच्या हातात एकच उपाय उरतो, घाम.

हाताच्या पाठीला थोडं पाणी लावा आणि फुंकर घाला. लगेच गार लागतं. पाण्याची वाफ होताना ती त्वचेतली उष्णता घेऊन जाते. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर तो जवळपास २४ लाख जूल उष्णता नेतो. बसल्या शरीराने साडेसहा तासांत तयार केलेली उष्णता होते ही. फार ताकदवान यंत्रणा आहे. पण यात ‘वाळला’ हा शब्द महत्त्वाचा. कपाळावरून टपकणारा, कपड्यात मुरून चिकटणारा घाम शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो आणि बदल्यात काहीच देत नाही.

घाम वाळणार की टपकणार, हे हवेतल्या दमटपणावर ठरतं. हे मोजायची एक जुनी युक्ती आहे: तापमापकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळायचं आणि त्यावरून वारा जाऊ द्यायचा. कापड वाळताना पारा खाली येतो आणि एका जागी थांबतो. तिथे दिसतो तो आकडा म्हणजे ओल्या कापडाचं तापमान, घामाने आपण जास्तीत जास्त किती थंड होऊ शकतो त्याची सीमा.

आता दोन दिवस शेजारी ठेवून बघा. एका दिवशी पारा ४५ आणि हवेत आर्द्रता फक्त १५ टक्के. ओल्या कापडाचं तापमान येतं सुमारे २४. दुसऱ्या दिवशी पारा ३४, पण आर्द्रता ७५ टक्के. ओलं कापड थांबतं ३० वर. बातमीत पहिला दिवस मोठा ठरतो, दुसऱ्याचा कोणी उल्लेखही करत नाही. पण त्या दुसऱ्या दिवशी घामाच्या धारा लागतात आणि थंडावा मात्र येत नाही. ओल्या कापडाचं तापमान ३५ झालं तर धडधाकट माणूसही काही तासांपलीकडे तग धरू शकणार नाही, असं गणित शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये मांडलं होतं. नंतर अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात तरुण, निरोगी लोकांना हलक्या हालचाली करायला लावून प्रत्यक्ष तपासलं, तेव्हा दमट हवेत ३०-३१ लाच शरीराचं तापमान आवरेनासं झालं. वयस्कर माणसांची मर्यादा याहून खाली असणार हे उघड आहे, कारण वय वाढतं तसा घाम कमी येतो.

कोरडा ४५ अंशांचा दिवस सुरक्षित, असा याचा अर्थ नाही. त्या दिवशी घाम इतक्या चटकन वाळतो की तो आलेला कळतच नाही. अंग कोरडं, म्हणून माणूस पाणी पीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत शरीरातलं पाणी बरंच संपलेलं असतं. थोडक्यात, दमट उकाड्यात वारा मिळवायचा आणि कोरड्या उन्हात पाणी सांभाळायचं.

हृदयाचं काम इथे मध्ये येतं. उष्णता त्वचेपर्यंत आणायला रक्त लागतं, म्हणून शरीर त्वचेकडचा रक्तपुरवठा वाढवतं. तेवढं रक्त फिरवायला हृदयाला जास्त वेगाने धडधडावं लागतं, तेही घामाने पाणी घटून रक्त कमी झालेलं असताना. उकाड्यात दगावणाऱ्यांपैकी अनेकांच्या नोंदीत उष्माघात हा शब्दच नसतो. हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणं, श्वसनाचा आजार असं लिहिलेलं असतं. आधीच तडा गेलेल्या जागी उष्णतेने घाव घातलेला असतो.

एक दिलासाही आहे. शरीर उकाड्याला सरावतं. रोज थोडा वेळ उष्णतेत काढला तर एक-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ घटतं, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो. म्हणूनच उन्हाळ्याच्या सुरुवातीची पहिली लाट जास्त घातक ठरते. अमेरिकेतल्या कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या माहितीनुसार, कामाच्या ठिकाणी उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी होतात. बांधकामावर, रस्त्यावर, भट्टीजवळ नवा माणूस आला की त्याला पहिल्या दिवशी नेहमीच्या एक पंचमांश वेळच उष्णतेत ठेवायचं आणि रोज तेवढंच वाढवायचं, असा तिथला सल्ला आहे. मुकादमाने आणि ठेकेदाराने उन्हाळ्यात एवढी एक गोष्ट पाळली तरी माणसं वाचतील. रजेवरून, आजारपणातून परतलेला जुना कामगारही पहिले काही दिवस नवाच धरायचा.

दोन शहरांच्या रात्री

१९९५ च्या जुलैत शिकागो शहरावर उष्णतेची लाट आली. १३ तारखेला पारा ४१ अंशांवर गेला, हवा दमट होती, आणि रात्रीही तो पुरेसा उतरला नाही. मृत्यू सर्वात जास्त झाले ते मात्र त्या दिवशी नाही, त्यानंतर दोन दिवसांनी. त्या आठवड्यात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली. नंतर संशोधकांनी घरोघर जाऊन माहिती काढली तेव्हा धोका कोणाला जास्त होता ते समोर आलं: एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, घराबाहेर न पडणारे, आणि इमारतीच्या शेवटच्या मजल्यावरचे. ज्यांचं कोणाकडे तरी येणं-जाणं होतं, त्यांना धोका कमी होता.

२००३ च्या ऑगस्टमध्ये युरोपात तेच मोठ्या प्रमाणावर घडलं. एकूण ७० हजारांहून जास्त बळी, त्यांपैकी एकट्या फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार. पॅरिसमध्ये ११ ऑगस्टच्या रात्री तापमान २५.५ अंशांच्या खाली आलंच नाही. उष्ण प्रदेशात राहणाऱ्याला हा आकडा किरकोळ वाटेल, पण शरीर ज्या रात्रीला सरावलेलं असतं तिच्यापेक्षा ती किती वेगळी निघाली, हे इथे मोजायचं असतं. त्या लाटेचा पुढे अभ्यास झाला. उपग्रहाने टिपलेली वेगवेगळ्या वस्त्यांची उष्णता वृद्धांच्या मृत्यूंशी ताडून पाहिली, तेव्हा संबंध दिसला तो रात्रीच्या तापमानाशी. छपराच्या थेट खाली झोपायची खोली असणं, हाही धोक्याचा मुद्दा निघाला.

झोपेचं यात मोठं काम आहे. झोप लागण्याआधी शरीर आतलं तापमान थोडं उतरवतं, आणि त्यासाठी हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर सोडतं. खोलीच तापलेली असेल तर ही क्रिया अडते. माणूस कूस बदलत राहतो, पहाटे कधीतरी डोळा लागतो, आणि न उतरलेला थकवा घेऊन पुढच्या दुपारीला सामोरा जातो. अशा चार रात्री सलग गेल्या तर तरुण माणसाचीही चिडचिड होते, कामात चुका होतात. आजारी माणसाचं काय होत असेल याचा विचार करा.

घर आणि रात्र

सर्वात उपयोगी पडलेली वस्तू म्हणून मी दोन साध्या थर्मामीटरचं नाव घेईन. एक घरात, एक खिडकीबाहेर सावलीत. पहिला आठवडाभर नुसतं बघत राहिलो. मला वाटायचं खिडक्या उघड्या असल्या की घर थंड राहतं. प्रत्यक्षात सकाळी नऊच्या आतच बाहेरचा पारा घरातल्या पाऱ्याला गाठून पुढे जायचा, आणि रात्री साडेनऊ-दहापर्यंत वरच असायचा. म्हणजे दिवसभर खिडक्या उघड्या ठेवून मी बाहेरची उष्णता घरात भरत होतो. नियम एवढाच: बाहेर आतल्यापेक्षा गरम असेल तेव्हा खिडक्या बंद आणि सावली करा, बाहेर थंड झालं की सगळं उघडा, समोरासमोरच्या खिडक्या उघडून वाऱ्याला आरपार वाट द्या. घड्याळ बघू नका, पारा बघा. पहाटे तीन ते सहा हे तास सर्वात थंड असतात, त्या वेळी खिडक्या उघड्या राहतील अशी सोय, जाळी, कडी, जे लागेल ते, आधी करून ठेवा.

याला दोन अपवाद आहेत. घरात बरीच माणसं असतील, स्वयंपाक चालू असेल, हवा दमट असेल, तर पूर्ण बंद घरात गुदमरायला होतं. तिथे सावलीच्या बाजूची एखादी खिडकी उघडी हवी. आणि पत्र्याच्या घराचं वेळापत्रकच वेगळं. पत्रा पातळ, तो उष्णता साठवत नाही. ऊन आलं की मिनिटांत तापतो आणि ऊन गेलं की भराभर निवतो. दुपारी अशा घरात थांबणं बाहेरच्या सावलीत थांबण्यापेक्षा वाईट असू शकतं, पण रात्री तेच घर काँक्रीटच्या छताखालच्या खोलीपेक्षा आधी थंड होतं. पत्र्याखाली राहणाऱ्याने दुपारी बाहेर दाट सावली शोधावी. काँक्रीटच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्याने झोपायची जागा बदलावी, खालच्या मजल्यावर, पूर्वेकडच्या खोलीत, जमलं तर मोकळ्या गच्चीत.

ऊन अडवायचं ते काचेच्या बाहेर. आतला पडदा उन्हाने तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो, कारण काचेतून आत आलेल्या उन्हाला परत जायची वाट नसते. तेच कापड, ताडपत्री, बांबूची चटई खिडकीबाहेर लावली तर उष्णता बाहेरच राहते. पश्चिमेची खिडकी आधी झाका. दुपारनंतरचं तिरपं ऊन थेट आत येतं आणि आधीच तापलेल्या घरावर चढतं.

छताला पांढरा परावर्तक रंग लावणं हा खर्चाच्या मानाने फार चांगला उपाय आहे. भर दुपारी गडद छत ६५ अंशांपर्यंत तापतं. ऊन परतवणारं पांढरं छत त्याहून २५-३० अंशांनी थंड राहू शकतं. दिवसा उष्णता शिरलीच नाही तर रात्री बाहेर काय पडणार? अहमदाबाद महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेच्या लाटेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला तो पहिला. पुढे त्यात गरीब वस्त्यांची छतं पांढरी करण्याचं काम जोडलं गेलं, ते याचसाठी.

पंख्याबद्दल गैरसमज फार आहेत. पंखा हवा थंड करत नाही, तो घाम वाळवतो. ३५ अंशांपर्यंत तो बिनधास्त लावा. त्याच्या वर गेल्यावर तो अंगावर गरम हवा फेकायला लागतो, पण घाम भरपूर येत असेल तर तरीही फायदा तोट्यापेक्षा जास्त होतो. ४० च्या वर पंख्यावर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वृद्धांना घाम कमी येतो, म्हणून त्यांच्यासाठी ही मर्यादा ४० च्या आधीच येते. त्यावर उत्तर सोपं आहे: जो घाम येत नाही तो बाहेरून द्या. हात, मान, चेहरा ओल्या फडक्याने पुसा आणि मग पंख्यासमोर बसा. शरीरातलं पाणी खर्च न होता तोच परिणाम मिळतो. झोपताना कोमट पाण्याने अंघोळ, ओले पाय, ओलसर पातळ चादर यामागेही हेच शास्त्र आहे.

पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत उत्तम, पण खिडकी उघडी ठेवूनच, नाहीतर खोलीच दमट होते. हवा आधीच दमट असेल तर कूलरमधलं पाणी बंद करून नुसता पंखा म्हणून वापरा. एसी असेल तर तो २७ वर ठेवून सोबत पंखा लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे त्याने खोली आणखी ४ अंशांनी थंड भासते. सगळं घर थंड करायच्या मागे न लागता एक खोली थंड करा आणि घरातल्या सगळ्यांनी तिथे झोपा. बाहेर गरम हवाही कमी जाते. घरात काहीच सोय नसेल तर दिवसातले दोन-तीन तास एखाद्या थंड सार्वजनिक जागेत, वाचनालयात किंवा ओळखीच्यांकडे काढा. तेवढ्यानेही शरीराला सावरायला वेळ मिळतो.

पाण्याचं थोडक्यात सांगतो. उन्हात काम करणाऱ्याने दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला प्यावं, तहानेची वाट बघू नये. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको. फार घाम गेल्यावर नुसतं पाणी ढोसलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. सोबत खाणं हवं, किंवा साखर-मीठ-पाणी: १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडतंय. वृद्धांना तहान कमी लागते, त्यांना विचारत बसू नका, पेला हातात द्या. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी उन्हाळ्यापुरतं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. लघवीच्या, रक्तदाबाच्या, ॲलर्जीच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनी उष्णता सोसण्याची ताकद कमी होते. ती मनाने बंद करू नका, पण लाट येण्याआधी एकदा विचारून या. उन्हात बंद केलेल्या गाडीत लहान मुलाला एक मिनिटही ठेवायचं नाही. दहा मिनिटांत आतलं तापमान दहा अंशांनी चढतं.

दार वाजवणं

शिकागोला चार वर्षांनी, १९९९ मध्ये, पुन्हा तशीच लाट आली. या वेळी शहराने वेळेत इशारे दिले, थंड जागा उघडल्या, तिथे जायला मोफत बस सोडल्या, आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फोन केले, पोलीस आणि कर्मचारी त्यांच्या दारापर्यंत पाठवले. मृत्यू झाले सुमारे ११०. लाट थोडी सौम्य होती हे खरं, पण फरकाचा मोठा वाटा त्या फोनचा आणि दारावर पडलेल्या थापेचा आहे, असं मला वाटतं.

हे काम पालिका करेल तेव्हा करेल, आपल्या जिन्यात आपण करू शकतो. वरच्या मजल्यावर एकटं राहणारं कोणी असेल तर लाटेच्या दिवसांत सकाळी एकदा आणि रात्री एकदा जा. दारातून ‘बरं आहे ना?’ विचारलं तर उत्तर ‘बरं आहे’ असंच येतं. आत जा, पाच मिनिटं बसा. खोलीचा उकाडा स्वतःच्या अंगाला लागू द्या. रात्री झोप लागली का, शेवटचं पाणी कधी प्यायलात, बाथरूमला कधी गेलात, असं नेमकं विचारा. खिडकीची अडकलेली कडी सोडवून द्या, पंखा पलंगाकडे वळवून द्या.

बोलताना शब्द अडखळत असतील, माणूस भलतंच बोलत असेल, आपण कुठे आहोत हे त्याला नीट सांगता येत नसेल, तोल जात असेल आणि अंग चटका बसावा इतकं तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निश्चिंत होऊ नका, घाम येत असतानाही उष्माघात होतो. अशा वेळी शरीराचं आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि प्रत्येक मिनिटाला मेंदूला इजा होत असते. एकाने रुग्णवाहिकेला फोन करायचा आणि दुसऱ्याने त्याच क्षणी थंड करायला लागायचं, गाडीची वाट बघत थांबायचं नाही. जास्तीचे कपडे काढा, मिळेल ते पाणी अंगावर ओता, पंख्याने किंवा पुठ्ठ्याने जोरात वारा घाला, बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा. तापाची गोळी देऊ नका. हा ताप आजाराचा नाही, गोळीने तो उतरत नाही आणि यकृताला त्रास होतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणीही घालू नका, कुशीवर वळवा. अर्ध्या तासाच्या आत शरीर थंड झालं तर माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. मदत येईपर्यंत पाणी आणि वारा थांबवू नका.